कार्तिकी उलटल्यावरची चटणी

आश्विन महिना जिभेला दोन वेळा परीक्षेला बसवतो. पाऊस ओसरलेला असतो, आकाश धुतल्यासारखे निळे असते आणि दुपारचे ऊन मात्र वैशाखाला लाजवील असे पडते. भूक पहाटे लागते, दुपारी मरते. याच दिवसांत, आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत, श्वेतांबर समाजात नवपदाची ओळी येते. नऊ दिवस, नऊ आयंबिले. दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवण, आणि त्या जेवणात दूध नाही, दही नाही, तूप नाही, तेल नाही, गूळ-साखर नाही, तळलेले नाही, हिरवे काही नाही. ज्याने ओळी केलेली नाही त्याला वाटते की एवढे सारे वजा केल्यावर पानात उरते तरी काय?

उरते ते फार थोडे; परंतु ते थोडे कसे वापरले जाते हे आयंबिलशाळेच्या स्वयंपाकघरात उभे राहून पाहण्यासारखे असते. आचाऱ्याच्या हाताशी चार डबे असतात. मीठ, काळी मिरी, हिंग आणि सुंठ. मिरची नाही, हळद नाही, फोडणीला तेलच नाही म्हणून मोहरीही नाही. मुगाचे पाणी उकळत असते, त्यात हिंगाची चिमूट पडते. उडदाच्या डाळीच्या इडलीबरोबर मिरीची भरड येते. ज्वारीच्या भाकरीबरोबर नुसते सुंठ-मीठ येते. पहिल्या दिवशी हे सारे सारखेच अळणी लागते. दुसऱ्या दिवशी चिडचिड होते. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र एक गंमत घडते: मिरीचा तिखटपणा जिभेच्या शेंड्याला लागतो, सुंठीचा घशात उतरतो आणि हिंग तर तिखट नसतोच मुळी, तो नाकाने खाल्ला जातो, हे तपस्व्याला स्पष्ट कळू लागते. वर्षभर मसाल्याच्या गर्दीत या तिघांना कोणी वेगळे ओळखलेलेच नसते. श्रीपाळ राजाच्या रासाचे वाचन चालू असते आणि ऐकणाऱ्यांच्या जिभा हळूहळू स्वच्छ होत जातात.

हिंगाबद्दल येथे थोडे सांगितलेच पाहिजे, कारण जैन स्वयंपाकघराइतका हिंग क्वचितच कोठे लागत असेल. कांदा आणि लसूण ज्या घरात उंबऱ्याबाहेर असतात, तेथे त्यांची उणीव भरून काढण्याचे काम याच पदार्थावर येते. हिंग म्हणजे बडीशेपेच्या कुळातील एका डोंगरी झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून तो कच्च्या स्वरूपात आपल्याकडे येतो. अस्सल चीक इतका उग्र असतो की तसाच डाळीत टाकला तर डाळ खाववत नाही. म्हणून डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून बांधणीचा हिंग तयार होतो आणि बहुतेक घरांच्या डबीत तोच असतो. शेकडो वर्षे आपण हिंग खात आलो, पण भारतात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, पालमपूरच्या संशोधन संस्थेच्या प्रयत्नाने. पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी डबीवरील घटकांची ओळ एकदा वाचून पाहावी. हिंगात पीठ असते हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसते.

शरद ऋतूत पित्त खवळते, असे आयुर्वेद सांगतो. वाग्भटाने या ऋतूसाठी कडू, गोड आणि तुरट रस सांगितले, मूग, आवळा, पडवळ यांची शिफारस केली, आणि दही व तेल टाळायला सांगितले. ओळीच्या नऊ दिवसांत दही आणि तेल ही दोन्ही पानावरून आपोआप उठलेली असतात. तप कर्मनिर्जरेसाठी असते, पित्तासाठी नसते, हे खरे. पण पोटाला तेवढा भेद कोठे कळतो?

ओळी संपते, कोजागिरीचे दूध होते, दिवाळी येते. वह्यांचे पूजन, भगवंतांचे निर्वाणकल्याणक, नव्या वीर संवताचा पहिला दिवस, ज्ञानपंचमी असे दिवस भराभर जातात. फराळाच्या ताटात गोड-तिखटाची रेलचेल असते. तरीही जाणत्या गृहिणीला विचारले तर ती सांगेल की जिभेचा खरा सण अजून यायचा आहे. तो कार्तिक पौर्णिमेनंतर येतो.

याचे कारण ज्यांच्या घरी पाळले जाते त्यांना सांगायला नको. तरुण पिढीसाठी सांगावे लागते. श्वेतांबर परंपरेत फाल्गुनी चौमासीपासून कार्तिकी चौमासीपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, पालेभाजी, कोथिंबीर, खजूर, खारीक, तीळ या वस्तू वर्ज्य असतात. उष्ण आणि दमट हवेत पानांवर आणि या कोरड्या वस्तूंमध्ये सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, हा त्यामागील विचार. गच्छागच्छांत आणि गावोगावी तपशिलाचा थोडा फरक पडतो. दिगंबर समाजाच्या मर्यादा आणखी निराळ्या. पण ज्या घरात हा नियम काटेकोर आहे, तेथे आठ महिने पोह्यांवर कोथिंबीर नसते, कढीत कढीपत्ता नसतो, ढोकळ्यावर तीळ नसतात. नवखा पाहुणा मनात म्हणत असेल, घर एवढे मोठे आणि कोथिंबिरीला काटकसर!

या आठ महिन्यांत घर चटणीवाचून राहत नाही. धने भाजून कुटले जातात, शेंगदाणे खलबत्त्यात पडतात, आंबटासाठी लिंबू, कोकम, आमचूर यांची पाळी लागते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे बंद असते, तेव्हा लिंबूही बाजूला राहते आणि आमसुलाची चटणी पुढे येते. सोलापूरकडच्या शेंगदाण्याच्या चटणीचे नाव सर्वत्र आहे. तिथल्या जैन घरांत ती लसणाशिवाय होते. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, साल पाखडून काढायची, जिरे, तिखट, मीठ आणि हिंग घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. कुटायचे, दळायचे नाही. यंत्रात तिचा भुगा होतो आणि खलबत्त्यात तिची गोळी वळते. फरक एवढाच, पण तोच सर्वस्व आहे. लसणाची आठवण ती खाणाऱ्याला येत नाही.

मग कार्तिक पौर्णिमा येते. शत्रुंजयाची यात्रा चार महिन्यांनी पुन्हा सुरू होते. ज्यांना पालिताण्याला जाणे होत नाही ते आपापल्या गावी गिरिराजाच्या पटासमोर भावयात्रा करतात. साधू-साध्वी विहाराला निघतात. आणि पौर्णिमा उलटली की भाजीबाजारात जैन गृहिणी सकाळीच दिसू लागतात. भाजीवालीला पंचांग ठाऊक नसेल, पण ही गर्दी तिला बरोबर ठाऊक असते.

व्यापारी वाचकांच्या लक्षात येईल की बाजाराच्या दृष्टीनेही हा मुहूर्त वाईट नाही. भाद्रपद-आश्विनात पावसाने कोथिंबिरीचे वाफे झोडपलेले असतात. जुडी चिखलाने भरलेली, देठ काळे पडलेले, आणि भाव असा की शेकडा जुड्यांचा आकडा ऐकून किरकोळ विक्रेताही हात आखडता घेतो. कार्तिकात उघडीप मिळते, रात्री गारवा पडतो, आवक वाढते आणि भाव उतरतात. थंडीतल्या कोथिंबिरीला वासही अधिक असतो. खरिपाचे तीळ याच सुमारास बाजारात उतरतात. आखाती देशांतला खजूर उन्हाळ्याच्या शेवटी तयार होतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईच्या बाजारात त्याची नवी आवक दिसू लागते. कोल्हापूरकडे गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि नवा गूळ पेठेत आलेला असतो. एवढ्या वस्तू एकाच पंधरवड्यात नव्या मिळाव्यात, असा काळ वर्षात दुसरा नाही. चिंच तेवढी जुनी असते, कारण तिचा हंगाम माघ-फाल्गुनात. पण खजुराच्या चटणीला काळपट जुनी चिंचच शोभते.

पहिल्या दिवशीची हिरवी चटणी साधी असावी. कोथिंबीर निवडताना एकेक काडी उजेडात धरून पाहायची, हा जयणेचा भाग. तो घाईने उरकता येत नाही. कोवळे देठ टाकायचे नाहीत, चव पानांपेक्षा देठांत जास्त असते. हिरवी मिरची, जिरे, मीठ, लिंबू आणि हिंगाचा कण. आले नाही, कारण ते कंद. आणि त्याच्या जागी सुंठ घालण्याचा मोह होतो तो आवरावा. सुंठीने हिरवी चटणी मातकट लागते. दाटपणासाठी अनेकजणी फुटाण्याची डाळ घालतात आणि वर दही ढवळतात. येथे मात्र सांभाळले पाहिजे. कच्चे दही आणि कडधान्य एकत्र आले की द्विदल होते. डाळ घातली तर दही नको. दही हवे असेल तर ते आधी चांगले गरम करून घ्यावे. शेंगदाण्यातून तेल निघते म्हणून श्वेतांबर व्याख्येत तो द्विदलात धरत नाहीत, त्यामुळे शेंगदाणे-दही चालते. पण त्या चटणीबरोबर पानात बेसनाचा ढोकळा असेल तर पुन्हा तोच दोष उभा राहतो, हे पुष्कळदा विसरले जाते. हीच गोष्ट मेतकुटाची. मेतकूट-तूप-भात निर्दोष, मेतकूट कच्च्या दह्यात कालवले की नाही.

या सगळ्यात अवघड नियम निवडण्याचा किंवा द्विदलाचा नाही. अवघड आहे तो वेळेचा. ज्या पदार्थात पाण्याचा अंश आहे तो रात्र ओलांडली की वासी. म्हणजे सकाळी वाटलेली हिरवी चटणी सूर्यास्ताच्या आत संपली पाहिजे. फ्रीजची थंडी या नियमात सूट देत नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात हा प्रश्न कधी पडलाच नाही. चौदा-पंधरा माणसांच्या पंगतीत वाटीभर चटणी दुपारीच चाटून पुसून जात असे. आज घरात माणसे चार, त्यांतील दोघे दुपारी दुकानावर, एक कॉलेजात. चटणी करायची कोणासाठी आणि किती?

खानदेशातील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न एका वर्षी ऐरणीवर आला. घरातील वृद्ध बा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांना दीर्घ ताप आला आणि तापाबरोबर तोंडाची चवही गेली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. आधीच चव नाही, त्यात मीठ कमी. बांचे जेवण अर्ध्या भाकरीवर आले. वजन उतरू लागले. ओळी करू नका असे मुलाने आणि डॉक्टरांनी दोघांनीही सांगितले आणि प्रथमच त्यांनी ते ऐकले. ऐकले याचेच घराला अधिक भय वाटले. आजवर एकही ओळी न चुकवलेले माणूस विनातक्रार थांबते, तेव्हा ते कशाकशातून मन काढून घेत आहे याचा अंदाज येईना.

सूनबाई कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करणारी. कार्तिक पौर्णिमा उलटली त्या सकाळी तिने कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या आणि कामावर जाण्याच्या घाईत मिक्सरचे भांडे भरून चटणी केली. बांनी दुपारी चमचाभर घेतली. बाकीच्यांनी थोडी थोडी खाल्ली. संध्याकाळी पाच वाजता भांडे निम्मे भरलेले तसेच. मुलगा म्हणाला, "बर्फाच्या साच्यात घालून ठेवू, महिनाभर पुरेल." सुनेलाही ते पटण्यासारखेच होते. बा काही बोलल्या नाहीत. त्यांनी भांडे उचलले, नोकराबरोबर दुकानावर पाठवले आणि हमालांना भाकरीबरोबर वाढायला सांगितले. अन्न टाकायचे नाही आणि ठेवायचेही नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. पण सुनेला ते लागले. आपण केलेले घरात राहिले नाही, असे तिला वाटले.

रात्री उशिरा तिने विचारले, "बा, मग मी करू तरी किती?"

"मुठीत मावेल एवढी," बा म्हणाल्या. "माणशी एक बोट. जास्त झाली की चटणीची भाजी होते, बेटा."

मुठीत मावेल एवढी कोथिंबीर मिक्सरमध्ये वाटली जात नाही, हे स्वयंपाक करणाऱ्याला ठाऊक असते. पाती वरून फिरतात आणि पाने भांड्याच्या कडेला चिकटून बसतात. मग पाणी घालावे लागते आणि चटणीचे सार होते. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा दगडी खल खाली आला. तो घासून, उन्हात ठेवून, जोंधळ्याची भरड घालून आधी कोरडा घोटावा लागला, कारण कित्येक वर्षांत त्यात काही कुटले गेले नव्हते. काम बांनी स्वतःकडे घेतले. निवडणेही त्यांनीच घेतले. सकाळी नऊ वाजता उन्हाच्या तिरिपेत बसून एकेक काडी पाहायची, बाराच्या सुमारास, जेवणाच्या पाच मिनिटे आधी, कुटायची. मीठ चिमटीचे निम्मे, लिंबू थोडे जास्त. मीठ कमी असले की आंबटाने आणि जिऱ्याने जिभेला फसवता येते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ओळीच्या स्वयंपाकघरातील इतक्या वर्षांचा तो हिशेब होता. चव पूर्ण परत आली असे नाही. पण मार्गशीर्ष लागेपर्यंत त्या एक सबंध भाकरी खाऊ लागल्या, आणि सूनबाई दुपारी घरी जेवायला येऊ लागली.

ताजेपणाच्या या आग्रहाला दुसरी बाजूही आहे, आणि ती कोरड्या चटण्यांची आहे. पाण्याचा अंश नसलेल्या, भाजून केलेल्या वस्तूला मुदत मिळते. श्वेतांबर परंपरेत अशा कोरड्या पदार्थांची आणि मिठाईची मुदत चातुर्मासात १५ दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि कार्तिकी ते फाल्गुनी या काळात ३० दिवस धरतात. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची. म्हणजे वर्षातील सर्वांत लांब मुदत याच ऋतूत मिळते. हुंडीची मुदत डोळ्यांत तेल घालून सांभाळणाऱ्या समाजाला बरणीची मुदत सांभाळणे जड जाऊ नये. तिळाची चटणी भाजल्या दिवशी बरणीवर तारखेची चिठ्ठी लावली की काम झाले. तीळ भाजताना तडतडू लागले की लगेच उतरावेत. रंग पालटेपर्यंत थांबले की कडवटपणा येतो. लाल मिरची, मीठ, थोडे आमचूर. बाजरीच्या भाकरीवर तूप, तुपावर ही चटणी, एवढ्यावर हिवाळ्यातील कोणतेही जेवण निभावते.

खजुराच्या चटणीचे मात्र दोन्ही प्रकारांत बसत नाही. ती ओली, म्हणून त्याच दिवशी संपवायची. आणि घरोघरी तीच सर्वांत जास्त साठवली जाते. चाटवाल्या पदार्थांची हौस तिच्यावाचून भागत नाही. यावर एक व्यवहारी तोड आहे. खजूर फोडून, आत नीट पाहून, बिया काढून कोरडा ठेवावा. चिंचही चिचोके आणि शिरा काढून कोरडीच ठेवावी. हवी तेव्हा दोन्ही मूठमूठ घेऊन गुळाबरोबर उकळावी, जिरेपूड आणि सुंठ घालावी, गाळावी. वीस मिनिटांचे काम. वेळ लागतो तो फोडण्या-निवडण्याला, आणि ते आधीच झालेले असते.

लोणच्याचा विषय थोडा नाजूक आहे. बोळ अथाणे बावीस अभक्ष्यांत गणले आहे, आणि तरीही कैरीच्या बरण्या कितीतरी घरांत असतात. त्यावर येथे वाद घालण्याचे कारण नाही. मात्र या ऋतूत त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायचे लोणचे इतके चांगले होते की बरणीची आठवण यायला नको. कार्तिक शुद्ध नवमीच्या, म्हणजे आवळी नवमीच्या सुमारास आवळे भरतात. आवळा वाफवून पाकळ्या सोडवायच्या, मोहरीची डाळ, मीठ, तिखट, हिंग, आणि वर गार केलेली फोडणी. नंदुरबारकडे याच काळात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडलेली दिसते. त्या ओल्या मिरचीची लिंबू पिळून केलेली चटणी चमचाभरच खावी, पण ताजी खावी.

बाजारात आता तयार चटण्यांच्या बाटल्यांवर ठळक अक्षरांत जैन असे छापलेले असते. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की आत कांदा, लसूण आणि कंद नाहीत. ती चटणी केव्हा केली आणि ती किती दिवसांची आहे याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. ते शोधायला खाली बारीक अक्षरांतील तारीख पाहावी लागते आणि तेथे महिने मोजलेले असतात. हिरवा ठिपका तर त्याहून कमी सांगतो; तो केवळ शाकाहाराचा आहे, कांद्या-लसणाशी त्याचे देणे-घेणे नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. कोथिंबिरीची म्हणून घेतलेल्या बाटलीवर पाणी आणि साखर यांची नावे कोथिंबिरीच्या आधी आली असतील, तर गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजत आहे हे उघड आहे. दुकानात माल घेताना ज्यांची नजर पोत्याच्या तळाशी जाते, त्यांनी घरच्या बाटलीला ती सवलत का द्यावी?

त्या खानदेशी घरातील खल पुढे माळ्यावर परत गेला नाही. तो ओट्याच्या कडेला, खिडकीखाली असतो. फाल्गुनी चौमासी आली की बा तो धुऊन, पुसून पालथा घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुलटा करून त्यात धने कुटायला घेतात.